पाय न मोडणारी कळ: ८७ स्विचांचे वंगण, भाग ४

मागच्या नोंदीच्या शेवटी मी लिहिले होते की टीकेएलचे, म्हणजे बाजूचे अंकपॅड नसलेल्या माझ्या ८७ कळांच्या मेकॅनिकल कीबोर्डाचे, वंगण पूर्ण झाले आणि आता स्पेसबारचा स्टॅबिलायझर (लांब कळ दोन्ही टोकांना सारखी दाबली जावी म्हणून असलेली तार) तेवढा राहिला आहे. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी कामाला बसले, तर 'प्रत्येक' हा शब्द पडद्यावर 'प्रतयेक' असा उमटला. बोट नीट पडले नसेल असे समजून पुढे गेले, पण चार ओळींनंतर 'व्याख्या'ची 'वयाख्या' झाली आणि त्याच परिच्छेदात 'पुस्तक'चे 'पुसतक'. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीवर, लिहिणाऱ्यांना दुखणे कुठे आहे हे एव्हाना कळलेच असेल. अक्षराचा पाय मोडण्याचे चिन्ह तिथे डीच्या कळीवर असते, आणि तीच कळ अधूनमधून गप्प राहत होती. मराठीत जोडाक्षरांवाचून एक वाक्य धड पुरे होत नाही, त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याला जी कळ कधीमधी लागते ती मला मिनिटाला अनेकदा लागते.

सामग्री तीच आहे: गॅटेरॉन मिल्की यलो स्विच, ५० ग्रॅमच्या दाबाचे लिनियर (मधे अडथळा न लागता सरळ खाली जाणारे), नव्वद नगांची पिशवी, हाउसिंग (स्विचचे कवच) आणि स्टेमला (कळीखाली वरखाली होणाऱ्या दांड्याला) क्रायटॉक्स २०५ ग्रेड ० हे ग्रीस, स्प्रिंगांना पिशवीत घालून १०५ क्रमांकाचे तेल. दर रात्री तीस याप्रमाणे तीन रात्रींत काम उरकले होते आणि तीन स्विच राखीव ठेवले होते.

क्यूएमके या कीबोर्डाच्या फर्मवेअरमधला डिबाउन्स (दाबानंतरची संपर्काची थरथर दुर्लक्षण्याचा वेळ) ५ मिलिसेकंदांवरून वाढवून पाहण्याचा मोह मलाही झाला, पण एका दाबात दोन अक्षरे उमटत असतील तर तो उपाय आहे. इथे अक्षर उमटतच नव्हते. म्हणून आधी दोष स्विचमध्ये आहे की तो ज्यात बसतो त्या सॉकेटमध्ये, हे ठरवायचे होते. डीची कळ अगदी सावकाश, तळाला न टेकवता शंभर वेळा दाबली, त्यांतले ७ दाब हुकले. मग तो स्विच काढून स्क्रोल लॉकच्या जागी लावला आणि तिथला डीच्या जागी आणला. आता डीचे शंभरच्या शंभर दाब लागले आणि स्क्रोल लॉकचे ६ हुकले. दोष स्विचबरोबर जागा बदलून गेला, म्हणजे सॉकेट निर्दोष होते. त्याच संध्याकाळी सगळ्या ८७ कळा अशाच सावकाश दाबून पाहिल्या आणि एकूण ११ स्विच दोषी निघाले. ते सगळेच्या सगळे मुळात एच्या आणि झेडच्या ओळीतले होते, आणि या दोन ओळी मी तिसऱ्या रात्रीच्या स्विचांनी भरल्या होत्या.

तिसऱ्या रात्री वेगळे काय घडले, हे आठवायला फार वेळ लागला नाही. पहिल्या दोन रात्री वापरलेल्या ०० क्रमांकाच्या कुंचल्याचे केस फिस्कटले होते, म्हणून मी हाताशी असलेला २ क्रमांकाचा कुंचला घेतला. स्टेमच्या दोन पायांवर आधी मी नुसता ओझरता हात फिरवत होते. जाड कुंचल्याने तिथे वंगणाचा चांगला पांढरा थर बसला. तो थर तेव्हा मला दिसला होता, आणि लिनियर स्विच आहे, चालून जाईल, असे म्हणून मी तो तसाच ठेवला.

तो का चालत नाही, हे एक स्विच उघडून भिंगाखाली धरला तेव्हा नीट दिसले. खालच्या हाउसिंगमध्ये धातूच्या दोन पत्त्या समोरासमोर असतात, एक स्थिर आणि एक लवचीक. कळ वर असते तेव्हा स्टेमचे पाय लवचीक पत्तीला मागे रेटून धरतात. कळ साधारण २ मिलिमीटर खाली गेली की पायांचा उतार पत्तीवरून सरकतो, ती सुटते आणि समोरच्या पत्तीला टेकते. बोटाचा जोर कितीही असो, दोन पत्त्या एकमेकींवर दाबल्या जातात त्या केवळ त्या पत्तीच्या स्वतःच्या ताणाने, आणि तो ताण फार थोडा असतो. २०५ हे फ्लुओरिनयुक्त तेल असून ते घट्ट करायला पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असते तेच द्रव्य, वापरलेले असते. यातून वीज जात नाही. पायांवरचे जास्तीचे वंगण दर दाबागणिक थोडे थोडे पत्तीच्या कडेवरून आत ढकलले गेले होते आणि संपर्काच्या बारीक उंचवट्यावर त्याची धुरकट साय धरली होती. कळ जोरात तळापर्यंत दाबली की पत्ती पूर्ण सुटून ती साय फोडत होती, आणि हलका हात पडला की पत्ती अर्धवट सुटून सायीवरच थांबत होती. माझा हात हलका आहे, म्हणून मला हे दुसऱ्याच दिवशी जाणवले.

साफ करण्याच्या पहिल्या प्रयत्नात एक रात्र वाया गेली. अकराही तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवले होते आणि सकाळी वंगण जागच्या जागी होते. हे तेल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. ते पुसूनच काढावे लागते. मग छपाईच्या साध्या कागदाच्या ३ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, टोक अल्कोहोलमध्ये ओले केले, चिमट्याने पत्ती किंचित मागे ओढून पट्टी मधे सरकवली, पत्ती सोडली आणि पट्टी अलगद वर खेचून घेतली. पहिल्या पट्टीवर तेलकट करडा डाग उमटला, दुसरीवर फिका, तिसरी कोरी निघाली. तिसरी पट्टी कोरी निघण्याचा तो क्षण मी प्रत्येक स्विचला मनापासून अनुभवला. पॉलिश पेपर मात्र कोणीही वापरू नये, कारण संपर्काच्या जागी जो सोन्याचा मुलामा असतो तो एकदा खरवडला गेला की परत येत नाही.

अकरांपैकी दहा बरे झाले. मूळ डीचा स्विच तेवढा झाला नाही. पुन्हा भिंग घेतले तेव्हा त्याच्या लवचीक पत्तीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा बाहेर झुकलेले दिसले; स्टेम नीट न बसवता वरचे हाउसिंग दाबले की पत्ती अशी वाकू शकते. चिमट्याने सरळ केल्यावर एक दिवस चालला आणि पुन्हा हुकू लागला, तेव्हा तो बाद केला. त्याच्या जागी राखीव स्विच घातला, तर तोही हुकला! राखीव तिन्ही स्विच तिसऱ्या रात्रीचेच होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर पुढच्या शनिवारी तिसऱ्या रात्रीचे सगळे स्विच उघडून धुवायचे आणि नव्याने वंगण द्यायचे, असा बेत मी मांडणार होते. तेवढ्यात सुचले की स्विच कीबोर्डात बसवण्याची गरजच काय? मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, दोन टोके स्विचच्या दोन पिनांना लावायची आणि स्टेम बोटाने अगदी हळू दाबायचा. लिहिणे थांबवून तीन राखीव स्विचांवर ते करून पाहिले. दोघांचा बीप सलग आला, तिसऱ्याचा तुटत तुटत आला, आणि हा तिसरा म्हणजे डीवर हुकलेला तोच होता. सगळे पुन्हा उघडण्याचा बेत त्यामुळे रद्द केला आहे. त्या दोन ओळी मीटरवर तपासायच्या आणि जे अडखळतील तेवढेच पट्टीने पुसायचे. यापुढचा प्रत्येक स्विच बंद केल्यावर आधी मीटरवर जाईल आणि मगच पीसीबीवर, म्हणजे कीबोर्डाच्या सर्किट बोर्डावर.

कुंचला आता पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या चित्रसाहित्याच्या दुकानातून नवा ०० आणला आहे. लांब केसांचा, कृत्रिम धाग्याचा. कीबोर्डाच्या सामानाबरोबर मिळणाऱ्या संचातल्या कुंचल्यांपेक्षा तो स्वस्त पडला आणि त्याची अणी टिकते. वंगणाबद्दलही एक सांगायला हवे. यावेळची डबी ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याने ती सुटी भरलेली होती आणि वर तेल वेगळे होऊन तरंगत होते. ग्रीसमधून तेल सुटणे नैसर्गिक आहे, वापरण्यापूर्वी काडीने ढवळले की पुरते. मात्र डबीवर ना ग्रेड लिहिलेला होता ना भरल्याची तारीख, आणि ग्रेड ० ऐवजी ग्रेड २ हाती आले तर लिनियर स्विच चिखलात रुतल्यासारखा चालतो. लेबल नसलेली डबी मी पुन्हा घेणार नाही.

डीच्या जागी सध्या पहिल्या रात्रीचा स्विच आहे. काल तो सावकाश ३०० वेळा दाबला आणि एकही दाब हुकला नाही. पुसलेल्या स्विचांचा आवाजही वेगळा झाला आहे: जास्तीचे वंगण निघाल्यामुळे ए आणि झेडच्या ओळीतल्या त्या कळांचा दबलेला, ओलसर नाद गेला आणि वरच्या ओळींसारखा भरीव, कोरडा ठोका आला. ही सगळी नोंद त्याच कीबोर्डावर लिहिली आहे आणि एकाही अक्षराचा पाय मोडायचा राहिलेला नाही. स्पेसबारची तार डाव्या टोकाला अजून टिकटिकते. रविवारी ती काढून आधी काचेवर ठेवून सरळ आहे का ते पाहीन, आणि मगच डायइलेक्ट्रिक ग्रीसला हात लावीन.