चेनमधली रेती

काल खडकवासल्याहून भिजत परतलो. आज सकाळी सायकल काढली तर प्रत्येक पायडलला चेन किरकिरत होती. बाबा आतूनच म्हणाले, "आधी पूस, मग तेल घाल." बाल्कनीत जुने पेपर पसरले, सायकल उलटी केली आणि बसलो.

दात घासायचा जुना ब्रश, वाटीभर रॉकेल, बनियनच्या चिंध्या. रिम आणि ब्रेकच्या रबरावर मात्र रॉकेल उडू द्यायचं नाही. पायडल मागे फिरवत एकेक कडी घासली. पहिली चिंधी दोन मिनिटांत काळीकुट्ट! तो काळा राप बोटांत चोळून पाहिला तर बारीक रेती कचकचली. हीच रेती कड्या जोडणाऱ्या पिना आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दाते झिजवते. वरून नुसतं तेल ओतलं की ती आणखी आत जाते. इतकी वर्षं मी तेच करत होतो, फार वाईट वाटलं.

रॉकेल पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या छोट्या नळीवर, एकच थेंब तेल. पायडल फिरवून ते मुरू दिलं आणि वरचं सगळं पुसून घेतलं. बाहेर राहिलेलं तेल धूळच धरतं.

मग पट्टी लावली. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे अशी २४ अंतरं १२ इंच भरायला हवीत. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढली की चेन बदलायची, नाहीतर दातेही जातात. माझी अजून १२ वरच आहे!

संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. ओल्या रस्त्यावर टायरची सळसळ, बाकी काही नाही.