पाळी चुकली? आधी कॅलेंडर बघा

मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ला १९ भ्रूण पुरलेले सापडले. त्याचं नाव निघालं की आजही अनेकींना वाटतं, गर्भपात म्हणजेच गुन्हा. गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदानाचा, आणि त्याचा कायदा वेगळा, १९९४चा. गर्भपात मात्र १९७१च्या कायद्याने, ठरलेल्या अटींत, मान्य आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आठवडे मोजण्यात. पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. समजा, पाळी १ जूनला आली होती. २९ जूनच्या सुमारास चुकली तेव्हाच चार आठवडे भरले. गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत. "बघू, येईल" म्हणत जुलै घालवला की हातात दोन-तीन दिवस उरतात. मग क्युरेटिन (गर्भाशय खरवडून साफ करणं) किंवा सक्शन (गर्भ ओढून काढणं). २० आठवडे १९ ऑक्टोबरला भरतात. तोवर एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ला दोन डॉक्टर लागतात, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठीच.

नवऱ्याची सही लागत नाही. सासूची तर नाहीच. अठरा पूर्ण असतील तर संमती फक्त तिची. तरीही "मालकांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं जातं, आणि त्या एका फेरीत आठवडा जातो. हा अन्याय आहे. गर्भनिरोधक फसलं असेल तर २०२१च्या दुरुस्तीपासून अविवाहितेलाही तेच कारण चालतं. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मेडिकलमधून चोरून गोळ्या आणू नका. गर्भ गर्भाशयात नसून बीजवाहक नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, रक्तस्राव मात्र गर्भ पडल्यासारखाच दिसतो आणि पोटात नळी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, शंका असेल तर सोनोग्राफी. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅम. दुसरं औषध, मिसोप्रोस्टॉल, साधारण दोन दिवसांनी. पोटात कळा, गाठी पडणं अपेक्षितच. पण लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, किंवा ताप उतरेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) आधीच विचारा. पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवू नका. गर्भ अर्धवट राहिला असेल तर तो तेव्हाच कळतो.

सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. ते दिसलं नाही तर सरळ मागा.