रातांब्यावर बसलेला सातेरी मधमाश्यांचा थवा पेटीत घेताना: माझा अनुभव

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमाराला पडवीसमोरच्या रातांब्यावर, म्हणजे कोकमाच्या झाडावर, मधमाश्यांचा थवा येऊन बसला. जमिनीपासून सात-आठ फुटांवर, शहाळ्याएवढा घोस. लगेच सल्ला आला, "चुडत (नारळाची झावळी) पेटवून लावा, नाहीतर पोरांना चावतील." राजापूरकडे हे फार चालतं आणि फार वाईट आहे. फांदीला लटकलेल्या थव्याजवळ राखायला ना मध असतो, ना पिलावा (अंडी-अळ्या). जुनं पोळं सोडून निघताना माश्या पोटभर मध पिऊन आलेल्या असतात. न डिवचता राहिलं तर एरवी त्या इतक्या शांत क्वचितच असतात. आग लावली की मात्र चावतातच.

आधी माशी ओळखायची. सातेरी ही पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी. तिची कामकरी माशी साधारण १ सेंटीमीटर लांब, पोटावर स्पष्ट पट्टे. आग्या माशी जवळजवळ दीड-दोनपट लांब, आणि स्थलांतरात तीही पोळं न बांधता अशीच फांदीवर विसावते. तो घोस आग्याचा असेल तर धूर नाही, पाणी नाही, काही नाही; त्या बाजूची ये-जा बंद करायची आणि ती जाईपर्यंत थांबायचं. फुलोरी ही लहान माशी, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करते. ती पेटीत राहत नाही, तिला तिथेच राहू द्यावं.

सातेरीचा थवाही बहुतेक वेळा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उठतो. मीही वाट पाहिली असती. पण भिंतीत दोन चिऱ्यांमधला गिलावा निघालेल्या फटीत पाच-सहा माश्या आत-बाहेर करताना दिसल्या. या जागा शोधणाऱ्या टेहळ्या. थवा एकदा भिंतीत शिरला की चिरे काढल्याशिवाय सहसा निघत नाही. आत औषध फवारून मारला तर पोळं तसंच राहतं. मध पाझरतो, मेणकिडा आणि मुंग्या लागतात. फट ओल्या मातीने बुजवली आणि पेटी काढली.

पेटी जुनी, ८ चौकटींची (माश्या या लाकडी चौकटींत पोळं बांधतात). ताज्या रंगाच्या वासाने थवा टिकत नाही. आतून गवती चहाची चार-पाच पानं चुरडून घासली. राणी घरात आहे हे सांगायला माश्या जो गंध सोडतात, त्याच्याशी हा वास बराच जुळतो. खरा आधार मात्र पिलाव्याचा. ओळखीच्या पाळकाकडून निरोगी वसाहतीतली अळ्या असलेली एक चौकट माश्या झाडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. उघडा पिलावा समोर असला की थवा सहसा घर सोडत नाही. चौकटीऐवजी नुसता पोळ्याचा तुकडा मिळाला तर तो सुती दोऱ्याने बांधावा. माश्या तो दोरा नंतर कुरतडून टाकतात, नायलॉन त्यांना तुटत नाही. तुकड्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण पोळ्यातली घरं किंचित वर तोंड करून असतात.

कपडे फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली, टोपीवरून जाळी. त्या दिवशी केळं खाऊ नये: चावताना माशी जो इशारा सोडते त्याला पिकल्या केळ्यासारखा वास असतो, आणि त्या वासाने बाकीच्या चवताळतात. पूर्वी कधी चावल्यावर अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, त्यांनी या कामात पडूच नये. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे शिकलेले पाळक असतात, त्यातला जवळचा शोधावा.

ऊन उतरल्यावर, साडेचारला, घोसावर पाण्याचे बारीक तुषार मारले. त्यासाठी घरातली कोरी बाटली घ्यावी. आंब्याच्या फवारणीचा पंप कितीही धुतला तरी त्यात औषधाचा अंश राहतो आणि सगळा थवा मरू शकतो. नारळाच्या सुक्या सोडणाचा धूर दोन-तीन फुंकाच दिला. जास्त दिला तर घोस फुटून वरच्या फांदीवर जातो. मधल्या चौकटी काढून उघडी पेटी घोसाच्या अगदी खाली धरली आणि फांदीला एकच जोरदार झटका दिला. हळूहळू हलवलं तर माश्या पकड घट्ट करतात. ओल्या भाताची ओंजळ पडावी तसा धप्प आवाज झाला.

पहिल्या झटक्यात राणी वरच राहिली. दहा मिनिटांत माश्या पेटीतून निघून फांदीकडे परतू लागल्या, त्यावरून कळलं. पुन्हा घोस जमू दिला, पुन्हा झटका. या वेळी दाराशी पाच-सहा माश्या डोकं आत, शेपूट वर करून जागच्या जागी पंख फडफडवू लागल्या. हीच खूण. राणी आत आहे, बाकीच्या आपसूक येतात. पिलाव्याची चौकट मधोमध ठेवली आणि अंधार पडल्यावर पेटी त्याच रात्री कायमच्या जागी नेली. दोन-चार दिवसांनी हलवली असती तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परतल्या असत्या.

दाराला राणीजाळी लावली; तिच्यातून कामकरी माश्या ये-जा करतात, राणी बाहेर पडू शकत नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. मोठ्या पहिल्या थव्यात जुनी, फळलेली राणी असते, तिला जाळी चालते. नंतर सुटणाऱ्या लहान थव्यात कोरी राणी असते; तिला मीलनासाठी बाहेर पडावंच लागतं, आणि जाळी राहिली तर वसाहत संपते.

१ किलो साखर, १ लिटर पाणी या मापाचा पाक रोज तिन्हीसांजेला पाव लिटर, आठवडाभर, पेटीच्या आतच दिला. बाहेर ठेवला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. वर गवताच्या काड्या टाकल्या, नाहीतर माश्या बुडतात. गूळ देऊ नये, माश्यांना हगवण लागते. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या करवंट्या ठेवल्या, कारण ओंबील (लाल मुंग्या) पेटी रिकामी करतात.

सहाव्या दिवशी झाकण उघडलं. शेजारच्या चौकटीवर तळहाताएवढं पांढरंशुभ्र नवं पोळं होतं, आणि घराच्या तळाशी सुईच्या टोकाएवढी उभी अंडी. आणलेल्या चौकटीतली अंडी तीन दिवसांतच फुटलेली, म्हणजे ही याच राणीची. जाळी त्याच संध्याकाळी काढली. दार पूर्वेकडे ठेवलं आहे, पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून. वर पत्र्याचं उतरतं छप्पर घालायचं काम मेअखेर करायचं आहे, आणि जूनपासून बाहेर फुलं कमी झाली की पुन्हा पाक सुरू.