रामटेकजवळ टसरचा पतंग पाहिला

मृगाचा पाऊस चांगला झाला आणि पाठोपाठ अमावास्या आली, तशी टसर रेशमाच्या किड्याचा पतंग बघायला आम्ही तिघांनी संध्याकाळीच नागपूर सोडलं. कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून रामटेक, सुमारे 50 किलोमीटर. पुढे ओळखीच्या काकांचं शेत आहे, बांधावर ऐनाची झाडं. रात्री जंगलात शिरू नका. शेतमालकाला विचारून घराजवळच चादर बांधा.

पांढरी सुती चादर ताणून समोर मर्क्युरीचा दिवा लावला, म्हणजे उजेडाकडे येणारे पतंग चादरीवर बसतात. नऊपर्यंत नुसत्या पंखांच्या वाळव्या. आम्ही कंटाळलो तर काका म्हणाले, "थांबा ना जी, तो उशिराच येते."

साडेदहाला आला. टसरचा नर! पंख पसरले तर तळहात झाकला जाईल एवढा. रंग विटकरी, पुढच्या पंखांची टोकं आकड्यासारखी वळलेली, मिशा पिसासारख्या रुंद. चारही पंखांवर एकेक गोल ठिपका. विजेरी मागून धरली तर उजेड आरपार आला! पंखांचा रंग म्हणजे बारीक खवले. त्या गोलात ते जवळजवळ नसतातच, म्हणून तिथे काचेसारखी खिडकी होते. मी कितीतरी वेळ तेवढंच बघत बसलो.

मादी दिव्यावर आलीच नाही. ती सकाळी ऐनाच्या फांदीवर सापडली: नरापेक्षा मोठी, पिवळसर, पोट फुगलेलं, मिशा अरुंद. ती एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या गंधामागे येतात. दोघंही काही खात नाहीत, अळीपणी खाल्लेल्या पानांवरच जेमतेम आठवडाभर जगतात. शेजारी रिकामा कोसा, म्हणजे अळीने विणलेला कोष, लटकत होता, त्याचा देठ डहाळीला अंगठीसारखा वेढलेला. आईच्या कोशाच्या साडीचा धागा इथून येतो, हे हातात घेतल्यावरच खरं वाटलं.

गमबूट घाला, पाऊल टाकण्याआधी विजेरी मारा. या दिवसांत मण्यार निघतो. पतंगाचे पंख चिमटीत धरू नका, पायांपुढे बोट ठेवा, तो आपणच चढतो. आणि दिवा मध्यरात्रीनंतर बंद करून चादर अंधारातच हलकेच झटका. आम्ही तो उजाडेपर्यंत चालू ठेवला, ही आमची चूक. पहाटे कोतवाल पक्षी आले आणि चादरीवरचे दोन नर डोळ्यांदेखत उचलून नेले.