‘टक्’ आवाज येतो, पण सेल्फ फिरत नाही

जुनी गाडी चालू होईनाशी झाली की पहिला संशय बॅटरीवर आणि दुसरा सेल्फवर (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर) जातो, आणि पुष्कळदा दोन्ही बदलूनही गाडी धक्क्यावरच राहते. हा खर्च मला फार खटकतो, कारण खरा दोष दाखवणारा साधा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजणारा मीटर) काहीशे रुपयांत मिळतो आणि तो वापरायला कोणालाही शिकता येते.

आमची कार्बोरेटरची मारुती ८०० कोकणात, खाऱ्या हवेत उभी असते. पावसाळा संपता संपता तिने असाच त्रास दिला. किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ व्हायचे आणि पुढे काही नाही. त्या वेळी हेडलाइट लावून पाहिले, तर ते किंचितच मंद होत होते. बॅटरी उतरली असती तर दिवे पार बसले असते, किंवा सोलेनॉइडने (किल्ली फिरवल्यावर सेल्फला प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचने) ‘टकटकटक’ असा लागोपाठ आवाज केला असता. बॅटरीचे व्होल्टेज स्थिर अवस्थेत १२.५ होते आणि किल्ली फिरवलेली असताना ११.३. भार पडल्यावर ते ९.६ च्या खाली जात नाही तोवर बॅटरीला दोष देण्याचे कारण नसते.

गॅरेजमध्ये अर्थिंगची वायर (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी जाड वायर) मीटरच्या ‘बीप’वर, म्हणजे वायर सलग असल्यास वाजणाऱ्या सेटिंगवर, तपासून ती ठीक असल्याचे सांगण्यात आले होते. मुद्दा नेमका इथेच आहे. त्या ‘बीप’साठी मीटर वायरीतून अगदी नगण्य प्रवाह सोडतो, आणि तेवढा प्रवाह तांब्याच्या चार शाबूत तारांमधूनही सहज जातो. सेल्फला मात्र शंभर-दीडशे अँपिअर लागतात. वाटेत केवळ ०.०३ ओहमचा अडथळा असला, तरी १५० अँपिअरला साडेचार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि साधा मीटर ०.०३ ओहम विश्वासाने दाखवूच शकत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून तपासणी भाराखालीच करावी लागते.

त्यासाठी गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढावा, मध्येच इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी आणि मीटर डीसी २० व्होल्टवर लावावा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर धरावे (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पचा सांधाही मोजमापात येतो), दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावे आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगावे. निरोगी गाडीत पाव व्होल्टच्या आत आकडा येतो. आमच्या गाडीत साडेचारच्या आसपास आला. हीच चाचणी प्लसच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत केली तेव्हा तिथे काही वावगे निघाले नाही. मग जंपर केबलचे एक टोक मायनसला आणि दुसरे थेट इंजिनला लावले, आणि सेल्फ जोरात फिरला.

वायर बाहेरून धडधाकट दिसत होती. इंजिनकडच्या लगजवळचे (वायरीच्या टोकाच्या, बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीजवळचे) रबर कापले तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली. चोकची केबल हाताला गरम का लागत होती याचाही उलगडा झाला: इंजिनचा अर्थ तुटला की प्रवाह बॉडीकडून चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलींमधून वाट काढतो, आणि त्या तापून खराब होतात. नवी वायर बसवताना मायनस आधी काढावा आणि शेवटी जोडावा, लगखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासावी आणि बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

‘टक्’ आवाजही येत नसेल, तर शोध सोलेनॉइडच्या बारीक वायरीपासून सुरू करावा. किल्ली फिरवल्यावर त्या टोकाला टेस्ट लॅम्प लख्ख पेटला, तर दोष सोलेनॉइड किंवा सेल्फकडे आहे; पेटलाच नाही, तर इग्निशन स्विच, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि वायरिंग पाहावे. लॅम्प मिणमिणत असेल आणि मीटर आठ-नऊ व्होल्टच दाखवत असेल, तर बहुधा स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात. तिथे बॅटरीजवळ फ्यूजसह एक रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) बसवून सोलेनॉइडला थेट पुरवठा देणे मला नवा स्विच शोधण्यापेक्षा बरे वाटते, कारण झिजलेल्या कॉन्टॅक्टवर मग फक्त रिलेच्या कॉइलचा भार राहतो.