दोनोस्तियात एक निवांत दिवस: उभ्याने खायचं गाव

सोलापुरातून स्पेनला निघालेल्या मंडळींच्या यादीत माद्रिद आणि बार्सिलोना असतंच. त्यातला एक दिवस उत्तरेकडच्या सान सेबास्तियानला द्या. बास्क लोक त्याला दोनोस्तिया म्हणतात. बिल्बाओच्या विमानतळावरून थेट बस मिळते, साधारण सव्वा तास लागतो. फक्त सोमवार टाळा. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी जुन्या गावातले बरेच बार बंद असतात, आणि बार बंद म्हणजे निम्मं गाव बंद.

सकाळी कॉफी आणि तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड आम्लेटचा, एक तुकडा पुरे. मग ला कोंचाच्या किनाऱ्याने पश्चिमेला चालत जायचं. टोकाला खडकात रोवलेली चिल्यिदा या शिल्पकाराची पोलादी शिल्पं आहेत. तिथल्या फरसबंदीत भोकं ठेवली आहेत, समुद्र खवळला की त्यातून हवा आणि पाणी फुसकन वर येतं. शांत समुद्रात काहीच होत नाही. जवळच इगेल्दो डोंगरावर नेणारी १९१२ सालची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, आहे. ढग उतरले असतील तर तिकिटाचे पैसे वाचवा.

दुपारी एकच्या सुमाराला जुन्या गावात शिरा. १८१३ च्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळालं, त्यातून वाचलेल्या गल्लीला आगीच्या तारखेचंच नाव आहे: ३१ ऑगस्ट. पिंचोचे, म्हणजे काडीला टोचलेल्या किंवा पावावर रचलेल्या छोट्या घासांचे, बार इथे ओळीने आहेत.

इथेच बहुतेकांचं चुकतं. काउंटरवर मांडलेलं बघून पहिल्याच बारमध्ये ताट भरतात आणि टेबल शोधत बसतात. मांडलेले पिंचो गार असतात. चांगला माल बहुधा फळ्यावर खडूने लिहिलेला असतो आणि सांगितल्यावर ताजा, गरमागरम बनवून देतात. एका बारमध्ये एक, फार तर दोन, तेही त्या बारची खासियत विचारून. उभ्यानेच खायचं, पैसे द्यायचे, पुढच्या दारात. एक पिंचो साधारण अडीच ते पाच युरो. चार-पाच बारमध्ये जेवण होतं. चारनंतर बरीच स्वयंपाकघरं थंडावतात ती रात्री आठपर्यंत, म्हणून दुपार लांबवू नका. पीत नसाल तर ‘मोस्तो’ मागा. हा द्राक्षाचा रस असतो आणि तो मागितल्यावर कुणी वळून बघत नाही.

सुरुवात हिल्दाने करा: काडीला अँचोवी (खारवलेला छोटा मासा), ऑलिव्ह आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली हिरवी मिरची. मिरची बघून आशा वाढवू नका, आपल्या जिभेला ती नुसती आंबट लागते. शेंगाचटणी सोबत असेल तर खोलीवर ठेवा, पण घरचे पेढे मात्र नेऊच नका. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘बिनमांसाचं’ सांगून भागत नाही. ट्यूना आणि हॅम अनेकांच्या हिशेबी मांसात धरतच नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस, मासा, हॅम काहीच नको) असं तिन्ही सांगा. रशियन सॅलडमध्ये बहुतेक वेळा ट्यूना असतो, क्रोकेतात, म्हणजे तिथल्या तळलेल्या मऊ कटलेटात, हॅम. निर्धास्त खावं ते गेर्निकाच्या तळलेल्या मिरच्या, वर जाड मीठ. इदियाझाबाल चीज मेंढीच्या दुधाचं असतं, पण ते पारंपरिक पद्धतीत कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विकराने, विरजतात. चालणार नसेल तर सोडा.

जानेवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर संध्याकाळी जवळच्या अस्तिगारागात सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, सायडरगृहं चालू असतात. आपल्या हुरड्यासारखाच हा हंगामी प्रकार: पिंपातून थेट पेल्यात सायडर, सोबत कॉड मासा घातलेलं आम्लेट आणि निखाऱ्यावरचं बीफ.

गोडाला ३१ ऑगस्ट गल्लीतल्या ‘ला विन्या’चा वरून करपवलेला चीजकेक. घरी करायचा तर १७ सेंमीच्या भांड्याला ५०० ग्रॅम क्रीम चीज, २०० ग्रॅम साखर, तीन मोठी अंडी, २५० मिली दुधाचं क्रीम, अर्धा टेबलस्पून मैदा. चक्का वापरलात तर पाणी सुटतं. बेकरीच्या सामानाच्या दुकानातलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम बहुधा आधीच गोड असतं, ते नको. मिश्रण फेटून फुगवू नका, गुठळ्या मोडेपर्यंतच हलवा. भांड्यात बेकिंगचा कागद लावा, तो कडेवर दोन इंच येऊ द्या. ओटीजी २२० अंशांवर वीस मिनिटं तापवून घ्या; कमी तापला तर वरचा काळा रंग यायच्या आत मधलं घट्ट होऊन बसतं. ३० ते ३५ मिनिटांनी वर काळपट आणि मध्ये थरथरता असतानाच बाहेर काढा. गार होताना तो खाली बसतो, बसू द्या, आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय सुरी लावू नका.