मैनाची उजवी बाजू

परवा लक्ष्मीपूजन झालं, अमावस्येची उधाणं आहेत, त्यामुळे सध्या सकाळची ओहोटी सातच्या सुमाराला आणि अलिबागजवळच्या अक्षीचा किनारा पार लांबपर्यंत उघडा पडतो. वाळू ओली, घट्ट. पर्यटक उठायच्या आत मैना घोडीला घेऊन गेले, खोगीर नाही काही नाही, हातात नुसती दोरी आणि तिची मान मोकळी. सुरूच्या बनापासून सरळ चालवत नेली आणि मग तिला काकांच्या हातात देऊन एकेक ठसा बघत मागे आले.

उजव्या बाजूला मागचा खूर पुढच्याच्या ठशावर नीट पडलाय. डाव्या बाजूला मात्र दरवेळी मागचा ठसा पुढच्याच्या बाहेर, चांगला चार बोटं डावीकडे. म्हणजे बाई चालते ती पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, डावीकडे काढून आणि सगळा भार उजव्या फऱ्यावर, म्हणजे पुढच्या खांद्यावर टाकून. डाव्या हाताला गोल फिरवा, मान छान वळवते पण उजव्या खांद्यावरून बाहेर निसटत जाते आणि गोल मोठा मोठा होत जातो. उजव्या हाताला फिरवा, की अंग ताठ, तोंड बाहेर समुद्राकडे आणि खांदा आत कोसळतो. काका म्हणतात "हट्टी हाय, उजवीकडं वळायचंच नाय तिला." मला ते हट्टी म्हणणं मनापासून खटकतं, कारण ठसे बघितल्यावर स्पष्ट दिसतं की तिचं अंगच तिकडे वळायला तयार नाहीये.

आणि हे एकट्या मैनाचं नाही. आपल्यात जसे डावखुरे-उजवे तसा जवळजवळ प्रत्येक घोडा एका बाजूला जरा वाकलेला असतो. त्यात त्याची बांधणी अशी की खांदे पुठ्ठ्यापेक्षा अरुंद, आणि आपल्याला गळ्याखाली जे आडवं हाड असतं ते त्याला नाहीच, सगळी छाती दोन पुढच्या पायांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेली. शिवाय नुसतं उभं असतानाही वजनातलं साधारण ६० टक्के पुढच्या पायांवर, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याचे २४० किलो. झोळी एका बाजूने आखडली की ते वजन सगळं दुसऱ्या खांद्यावर कलतं.

नेदरलँड्समधे २००६ साली शिंगरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पाय लांब आणि डोकं लहान असलेल्या शिंगराला गवतापर्यंत तोंड पोचवायला एक पुढचा पाय पुढे टाकावा लागतो, आणि त्यातली बरीचशी कायम तोच पाय पुढे टाकतात, मग हळूहळू दोन खुरांचा आकारच वेगळा होतो. मैनाचं उजवं खूर पसरट आहे आणि डावं उभं, अरुंद. तिला लहानपणी कुणी चरताना बघितलं असेल तर मला भेटायचंय त्या माणसाला!

बाजारात घोडा घेताना आपल्याकडे अंगावरचे केसांचे भोवरे बघतात ना, शुभ-अशुभ, देवमण नावाचा शुभ भोवरा वगैरे, मला त्यात कधी रस नव्हता. पण २००८ साली आयर्लंडमधल्या संशोधकांना असं आढळलं की कपाळावरचा भोवरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने असला तर घोडा उजवा असण्याकडे कल जास्त, उलटा असला तर डावा. शुभ-अशुभाचं सोडा, पण त्या केसांकडे बघणारे जुने लोक निदान घोड्याकडे नीट बघत तरी होते.

आपण माणसं त्यात भरच घालतो. घोड्याला धरायचं डावीकडून, खोगिराचा पट्टा, तंग, आवळायचा डावीकडून, चढायचं डावीकडून (तलवार डाव्या कमरेला असायची तेव्हाची सवय ती, आता कुणाच्या कमरेला तलवार आहे?), आणि किनाऱ्याच्या टोकाला पोचल्यावर पर्यटकांना फिरवणारी मुलं प्रत्येक घोडा आपल्याच अंगावर, डावीकडे वळवतात. सीझनमधे दिवसभर तेच. कोरड्या उताराच्या वाळूत तर आणखी वाईट, पाय रुततात आणि एका बाजूचे पाय खाली.

तोंड खेचून हे सुटत नाही. लगाम उजवीकडे ओढला की फक्त मान वळते, भार आहे तिथेच राहतो. आधी दुखणं नाही ना ते बघायचं, डॉक्टरांनी दात तपासले, कडेच्या धारा घासून काढल्या, दुडक्या चालीत पळवून बघितलं. पुढच्या पायात कळ असली की तो पाय टेकताना डोकं वर उडतं, तसं काही नाही. त्यानंतरच व्यायाम. मोठे मोठे आठ काढायचे म्हणजे बाजू सारखी बदलते, उजव्या हाताला थोडंच पण रोज, आणि जमलं की लगेच सोडून द्यायचं. मग ते 'शोल्डर-इन', अठराव्या शतकात फ्रान्सच्या ग्येरिनियेर या घोडेस्वारीच्या गुरूने बसवलेलं, खांदे जरा आत घेऊन पुढे चालवायचं म्हणजे आतला मागचा पाय पोटाखाली येतो. आम्ही ते फक्त पावलाच्या चालीत, सुरूच्या झाडांच्या रांगेला धरून करतो. आज डाव्या हाताला चार-पाच पावलं अशी सुंदर टाकली तिने की मी मोठ्याने "शाब्बास गं" म्हणाले, उजव्या हाताला दोनच, पण त्या दोन पावलांत पाठ हलताना दिसली. नंतर गाजर, ते उजव्या बरगडीपाशी धरलं की ती मान लांबवत आणते, अजून पूर्ण पोचत नाही.

गुरुवारी नालबंद येणार आहेत. दोन्ही खुरं एका फटक्यात सारखी दिसतील अशी कापू नका, हे त्यांना सांगायचंय, सहा-सहा आठवड्यांनी थोडं थोडंच करू, नाहीतर वरचे सांधे बिचारे कुठे जातील. आणि संध्याकाळी मुलांना गाठून सांगायचं की टोकाला गेल्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवा रे, आणि उजवीकडे वळवताना स्वतः उजवीकडून चाला. काकांनी मान हलवलीय, तेच सांगतील, त्यांचं ऐकतात.